डोमकळी ग्रुपच्या गावी

"लोणारचं सरोवर कसं होतं हो?" परत आल्यापासून सोसायटीतल्या प्रत्येकानं मला हे विचारलंय. चार दिवस लोणार तालुक्यात राहून मी सरोवराकडे फिरकलेसुद्धा नाही, हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एका बाईंनी तर चक्क कपाळावर हात मारला. मारू देत. मी कशासाठी गेले होते ते आधी सांगते, मग ठरवा.

मी पुण्यात गणिताच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. पत्ते आणि कॅरम नव्हे. आमच्या रविवारच्या टोळक्यात फासे असतात, नकाशे असतात, राक्षस असतात आणि एकेका किल्ल्यावरून डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर येतात. पूर्वी आम्ही हे पडदे ओढून करायचो. आता त्याच खेळांची दुकानं निघालीत, कॅफे निघालेत, राक्षसांच्या चित्रांचे टीशर्ट घालून पोरं कॉलेजला जातात. तरी आमचे धाकटे दीर अजून म्हणतात, "वहिनी, वय काय, खेळता काय!" मी त्यांना चहा देते आणि फासे टाकते.

मोबाइलवरही आमचा एक गेम होता. त्यात टोळ्या करून राक्षसांशी लढायचं. माझं तिथलं नाव 'टोळभैरव' आणि आमच्या टोळीचा म्होरक्या 'सरसेनापती'. दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली लढले. पोरगा हुशार, पण अंगावर खेकसायचा. "भाऊ, झोपला का बे? डाव्या बाजूनं ये!" मला वाटायचं, नागपूरचा कुणी आगाऊ शाळकरी मुलगा असेल. त्याला वाटायचं मी लष्करातून निवृत्त झालेला कुणी सुभेदार आहे.

मग एका वर्षी सरसेनापती गेममधून गायबच झाला. आला तो बऱ्याच महिन्यांनी, आणि म्हणाला, "भाऊ, आमच्याकडे खराखुरा राक्षस आलाय. गुलाबी बोंडअळी. पूर्ण कापूस खाल्ला तिनं. आपला गेम वावरात लावता येईल का?"

पठ्ठ्याचं खरं नाव अनिस. गाव सुलतानपूर. रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि घरची थोडी शेती. त्यानं मला फोटो पाठवला तो असा: कपाशीचं फूल, पण न उमललेलं. पाकळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. या अशा फुलाला म्हणतात डोमकळी. तिच्या आत अळी बसलेली असते. कळी त्याच दिवशी तोडून पाण्यात बुडवली तर अळी मेली. राहिली तर ती पुढे बोंडात शिरते, आणि एकदा बोंडात शिरली की तिथे औषधही पोचत नाही. त्यातून एकट्यानं तोडून उपयोग नाही, सगळ्या शिवारानं रोज तोडायला हवी. "अन् रोज सकाळी वाकून कळ्या कोण तोडते, भाऊ? लोकांले कंटाळा येते," अनिस म्हणाला.

कंटाळा! अहो, कंटाळवाणं काम माणसाकडून हसत करून घेणं हीच तर आमची विद्या. मी दोन रात्री बसून नियम केले. प्रत्येक वावर म्हणजे एक किल्ला. सकाळी तोडलेल्या डोमकळ्या टोपल्यात घालायच्या, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. जितक्या कळ्या तितके गुण. शिपाई, हवालदार, सुभेदार, सरदार, सेनापती अशा पायऱ्या. आणि आठवड्याला जो पहिला येईल त्याचा फोटो ग्रुपचा डीपी. बक्षीस एवढंच. हे सगळं ठरल्यावर मी त्याला सांगितलं की मी भाऊ नाही, बाई आहे, आणि तुझ्या आईच्या वयाची आहे. पलीकडून आलं, "मावशी, सॉरी. ते बे बे मनावर नका घेऊ."

गाव खेळायला लागलं, आणि दसरा झाल्यावर त्याचाच निरोप आला. "मावशी, पहिल्या वेचणीची फायनल आहे. या."

नांदुरा

नकाशात पाहिलं, बुलढाणा जिल्ह्यात रेल्वे कुठे जाते, आणि घेतलं नांदुऱ्याचं तिकीट. पहाटे उतरून विजयी मुद्रेनं अनिसला फोन केला.

"नांदुरा? काऊन नांदुरा?" तो ओरडलाच. "मावशी, ते जिल्ह्याच्या त्या टोकाले हाय, आमी या टोकाले! जालन्याहून सरळ आल्या असत्या ना!"

गणिताच्या बाईंची ही भूगोलातली कामगिरी. पण नांदुऱ्याला उतरले याचं मला आता वाईट वाटत नाही. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर गरम आलुबोंडा आणि सोबत तळलेली मिरची खात उभी होते. पुण्यात मिरची वड्याच्या कडेला शोभेला असते. इथे मिरची मुख्य आणि वडा तोंडी लावायला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं टपरीवाल्या काकांनी न मागता पाण्याचा जग पुढे केला. कुठे जायचं म्हणाले. सांगितलं, कापूस बघायला.

"मागच्या सालाच्या आधी पाह्यचा होता, बाई," ते म्हणाले. "हे समोरची जिनिंग दिसते का? दिवाळीत इथं कापसाच्या गाड्यांची लाइन राह्यते, मले चहा पुरवता येत नाही. मागच्या साली गाड्याच आल्या नाही. जो कापूस आला तो पिवळा, किडका. गाडीवाला खाली मान घालून बसे." मग त्यांनी दुसरा बोंडा माझ्या प्लेटमध्ये टाकला. "यंदाचं काय होते, देव जाणे."

तिथून खामगाव, खामगावहून मेहकर. काळ्या सपाट जमिनीतून एसटी डोंगर चढून वर आली तशी शेतं लहान झाली आणि दगड वाढले. खिडकीतून मी आता प्रत्येक कपाशीच्या शेतात डोमकळी शोधत होते. शेजारच्या आजोबांनी शेवटी विचारलंच, "काही हारपलं का बाई?" मेहकरला गाडी बदलायची होती. बालाजीच्या देवळाकडे जाऊन यावं असं मनात होतं, पण सुलतानपूरची गाडी लागलेली दिसली आणि मी धावले.

सुलतानपूर, संध्याकाळ

सरसेनापती म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा, काडीसारखा बारीक तरुण. शर्टाच्या खिशात तीन स्क्रू-ड्रायव्हर. मला बघून त्यानं आधी वाकून नमस्कार केला आणि मग एकदम लाजला. दोन वर्षं ज्याच्या शिव्या खाल्ल्या तो हा!

घरी त्याच्या अम्मींनी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि वर कच्च्या तेलाची धार घातलेला ठेचा वाढला. मी नको नको म्हणत असताना दुसरी भाकर आलीच. "खाओ बाई, शरमाओ मत. इसकी फौज में थे ना तुम?" अम्मी म्हणाल्या. "मेरे को बोला था, कोई बुढ्ढा सुभेदार है."

आम्ही पोटभर हसलो. पण अनिस हसत नव्हता. भाकरीचा तुकडा मोडून तो तसाच ताटात ठेवत होता. मी म्हटलं, काय झालं रे?

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मागच्या वर्षी अळीनं कापूस खाल्ल्यावर निम्मं गाव म्हणत होतं, यंदा कपाशी नको. अनिसनं घरोघरी जाऊन सांगितलं, लावा, आपण सगळे मिळून कळ्या तोडू, अळी येऊ देत नाही. सगळ्यांत मोठं वावर बबनरावांचं, शिवाराच्या मधोमध, ओढ्यापर्यंत गेलेलं. ते आले नसते तर कुणीच आलं नसतं. बबनराव एका अटीवर तयार झाले: पहिल्या वेचणीच्या दिवशी सगळ्यांसमोर हिरवी बोंडं फोडून पाहायची. बोंडं चांगली निघाली तर सीतादही करायचं. सीतादही म्हणजे वेचणीआधीची पूजा: वावरात सीतामाईची मांडणी करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, दही शिंपडायचं आणि मग घरच्या लक्ष्मीनं पहिला कापूस वेचायचा. मागच्या वर्षी कुणाच्याच वावरात सीतादही झालं नव्हतं.

"आन् बोंडात अळ्या निघाल्या तर?" मी विचारलं. त्या घरात पाय ठेवल्यापासून माझीही जीभ वळायला लागली होती.

"तर उभ्या पिकात रोटावेटर, सारी पऱ्हाटी मातीत. त्याईनं ट्रॅक्टर सांगून ठेवला हाय. अन् मंग हा गेम, ग्रुप, सगळं बंद. गावात मले तोंड दाखवायले जागा राह्यनार नाही, मावशी. माह्या भरवशावर लोकायनं पेरलं हाय."

"पण मग घाबरतोस कशाला? कळ्या तर रोज तोडताय ना?"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. गावातल्या सगळ्या किल्ल्यांवर डोमकळ्या कमी कमी होत मूठभरावर आलेल्या. आणि एकाच किल्ल्यावर गेला आठवडाभर टोपलंच्या टोपलं भरून: बबनरावांच्या. फोटोत टोपलं हातात धरून त्यांची सून, सुनितावहिनी, दात दाखवून हसत उभी. सेनापतीच्या पायरीला पोचलेली ती एकटीच. सलग डीपी तिचाच.

"काकाईनं हे टोपले पाह्यले," अनिस म्हणाला. "ते म्हने, इतक्या कळ्या निंघून राह्यल्या म्हनजे माहं वावर गेलं. उद्या ट्रॅक्टर बोलावून राह्यले ते."

अम्मींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताट उचललं.

बबनरावांचं वावर

सकाळी आम्ही वावरात गेलो. दव पडलेलं, पऱ्हाटी माझ्या छातीपर्यंत आलेली, मध्ये मध्ये पिवळी फुलं. आमच्याकडे 'सुंदर' म्हणून जे फुलांचे ताटवे तिकीट लावून दाखवतात त्यांच्या तोंडात मारेल असं ते शेत होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल रोटावेटर लावलेला ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या शेजारी बबनराव. उंच, पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा.

"ह्याच का त्या पुन्याच्या मास्तरीनबाई?" त्यांनी अनिसला विचारलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, बीटीचं बी आलं तवा आमाले सांगतलं, आता अळी संपली. आमी फवारनीचे पंप माळ्यावर टाकले. चार साल मजा केली. मंग हे गुलाबी आली. तिले बीटी-फीटी काही समजत नाही. आता तुमी सांगता, मोबाइलनं अळी मरते."

"मोबाइलनं नाही मरत," मी म्हटलं. "माणसं तोडतात म्हणून मरते. मोबाइल फक्त रोज उठवतो."

"हं," ते म्हणाले. त्यांच्या 'हं'मध्ये सगळं पुणं मोडीत निघालं.

मी चिडले. चिडले की मी हिंडते. वावरात ठिकठिकाणी काठीला कामगंध सापळे टांगलेले होते. त्यात मादीच्या वासाची गोळी असते, त्या वासानं नर पतंग येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. मी पहिली पिशवी पाहिली, जवळजवळ रिकामी. दुसरी, तीच गत. पार मध्यापर्यंत गेले. सगळ्या रिकाम्या. फक्त ओढ्याच्या काठावरच्या पिशवीत थोडे पतंग होते.

आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. पतंग नाहीत, तर टोपलंभर डोमकळ्या आल्या कुठून? आमच्या रविवारच्या टोळक्यातले एक वकील दर डावाला असाच हिशेब जमवतात: सोनं कुठेच सापडलेलं नसतं, आणि यांची थैली भरलेली!

"अनिस," मी हाक मारली, "कुणीतरी चीटिंग करतंय रे!"

तेवढ्यात ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. पुढे एक धिप्पाड शेतकरी, काखेत कळ्यांनी भरलेलं टोपलं. मागे डोक्यावरचा पदर दातात धरून सुनितावहिनी.

"बबनभाऊ!" तो लांबूनच ओरडला. "तुमची सून माह्या वावरात काय करून राह्यली होती, विचारा इले! मले वाटलं कोनी कापूस चोरते. पाहातो तं आमच्याच गावची पोर! बोलावं तं कसं बोलावं? पन आठ दिवस झाले, रोज झुंजूमुंजू येते अन् माह्या पऱ्हाटीच्या कळ्या तोडून नेते!"

हे गजाननराव. ओढ्यापलीकडचं गाव सुनिताचं माहेर, आणि गजाननरावांचं वावर तिच्या भावाच्या वावराला लागून.

बबनरावांनी सुनेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"मामाजी," सुनिता पदराआडून म्हणाली, "आपल्या वावरात आता कळ्याच सापडत नाही. पुरा धुरा फिरली तरी मूठभर निंघत नाही. मंग डीपी जाते ना माहा. माह्या माहेरच्या साऱ्या बायका पाहातेत तो डीपी. मी म्हनलं, अळी तं अळीच हाय ना. इकडची काय न् तिकडची काय."

मग अनिसच्या तोंडून विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतोय. तो हसत होता, हसता हसता खाली धुऱ्यावर बसला होता, आणि डोळे पुसत होता. "काका, वावर साफ हाय," तो म्हणाला. "काका, ऐकलं का? आपल्या वावरात कळ्याच नाही!"

माझ्या नियमांना केवढं भगदाड होतं! कळ्या जास्त तर गुण जास्त, मग शेत साफ झाल्यावर खेळाडूनं करावं काय? सुनितावहिनींनी ते बरोबर हेरलं. आणि हेरून काय केलं, तर ओढ्यापलीकडचा राक्षस रोज पहाटे वाकून वाकून मारला, तिथून पतंग इकडे यायच्या आत. अशी चीटिंग करणारी खेळाडू मला आयुष्यात भेटली नव्हती. मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली. ती बिचारी टोपल्याकडेच बघत होती.

"ते सारं ठीक," गजाननराव मध्येच म्हणाले, "पन कळ्या माह्या वावरातल्या अन् मार्क इले काऊन? हे काही बरोबर नाही. आमच्या गावचाबी ग्रुप काढा."

"ग्रुप-फ्रुप मंग पाहू," बबनराव म्हणाले. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. "सुनेचं ऐकून नाही, अन् मास्तरीनबाईचं ऐकूनबी नाही. उद्या बोंडं फोडू. साऱ्याईले बोलाव, अनिस."

दही आणि रोटावेटर

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव वावरात. ओढ्यापलीकडचेही आले, गजाननराव पुढे. ट्रॅक्टर कालच्याच जागी उभा. आणि त्याच्या चाकाजवळ, फडक्यानं झाकलेलं, दह्याचं गाडगं. ते बबनरावांच्या घरूनच आलं होतं. म्हणजे म्हाताऱ्यानं आशा सोडलेली नव्हती. पण बोलून दाखवेल तर शपथ.

बोंडं त्यांनी स्वतःच तोडली. इकडचं एक, तिकडचं एक, झाडाच्या खालचं, वरचं, कुणाला कळू न देता मध्येच वळून भलतीकडचं. मग उपरणं पसरून त्यावर मांडी घालून बसले. अंगठ्यानं दाबलं की हिरवं बोंड कटकन फुटायचं. पहिलं आतून पांढरंशुभ्र. दुसरं पांढरं. तिसरं. लोक आता पुढे सरकले. अनिस मात्र मागे, माझ्या शेजारी, बोटं मोडत.

"पाहा ना रे पुढे जाऊन," मी म्हटलं.

"नाई होत, मावशी. तुमीच सांगा."

मी सांगत राहिले. पांढरं. पांढरं. पांढरं. मग बबनरावांचा हात थांबला. त्या बोंडात, पाकळीच्या कोपऱ्यात, एक गुलाबी अळी वळवळत होती.

मी सांगायची थांबले तसं अनिसला कळलंच. त्यानं डोळे मिटून घेतले.

बबनरावांनी ती अळी काडीवर घेतली. उन्हात धरून बराच वेळ पाहिली. "मागच्या साली," ते म्हणाले, "एक बोंड साजरं सापडलं नव्हतं. एकबी." त्यांनी अळी खाली टाकून टाचेखाली चिरडली आणि पुढचं बोंड फोडलं. पांढरं. त्याच्या पुढचंही. शेवटपर्यंत पांढरं. मग गुडघ्यावर हात देत उठले आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळून ओरडले, "काय पाहातं बे? घेऊन जा ते धूड! पऱ्हाटी दबन माही! अन् दही आना कोनी!"

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! पुण्यात क्रिकेटचा कप जिंकल्यावर मी फटाके ऐकलेत. इथे फटाके नव्हते, नुसती माणसं ओरडत होती, पण ते अंगातून गेलं माझ्या. गजाननराव कारण नसताना अनिसला खांद्यावर उचलायला निघाले आणि दोघेही पऱ्हाटीत पडले. अम्मी बायकांमध्ये उभ्या राहून उघड उघड रडत होत्या. मीही रडले. लपवत नाही.

मांडणी झाली, नैवेद्य झाला, दही शिंपडलं. पहिला कापूस वेचायची वेळ आली. दरवर्षी तो मान सुनेचा. पण सुनिता मागेच उभी, पुढे यायला तयार नाही. तिचे सगळे पॉइंट अनिसनं सकाळीच काढून टाकले होते. नियम म्हणजे नियम. ओढ्यापलीकडच्या कळ्यांचे गुण आता ओढ्यापलीकडच्या किल्ल्यांना, आणि साफ राहिलेल्या वावराला त्याहून जास्त गुण, अशी दुरुस्ती मी गाडग्याशेजारी बसून केली होती.

"ये ना वो," बबनराव म्हणाले. "मार्क गेले तं गेले. हात तं नाही गेले ना."

ती आली. फुटलेल्या बोंडातला कापूस तिनं हलक्या हातानं ओढून काढला. लांब, पांढरा, स्वच्छ. कपाळावर दह्याचा एक थेंब तसाच.

"अनिस," बबनराव म्हणाले, "फोटो काढ बे इचा. अन् ते काय राह्यते तुमचं, डीपी, त्याच्यावर लाव."

अनिसनं फोटो काढला. वावरभर फोन टुणटुण वाजले, ओढ्यापलीकडच्यांचेसुद्धा. सुनितावहिनींनी पदरानं तोंड झाकून घेतलं, पण डोळे फोनवरच होते.

मग बबनरावांनी बंडीच्या खिशातून एक नवाकोरा मोबाइल काढला. स्क्रीनवरची फिल्मसुद्धा अजून काढलेली नव्हती. म्हातारा तो केव्हापासून घेऊन बसला होता कोण जाणे.

"मलेबी घे ग्रुपात," ते अनिसला म्हणाले. "वावर माहं सगळ्यात मोठं हाय. मले कोनतं पद देता? सेनापती?"

अनिसनं माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"शिपाई, काका," तो म्हणाला. "सारे तिथूनच सुरू करतेत. नियम मावशीचे हायेत."

काल रात्रीच ग्रुपवर पाहिलं. बबनराव आता हवालदार झालेत. सेनापती व्हायला त्यांना अजून बराच अवकाश आहे, आणि त्या पायरीवर सध्या सुनितावहिनी आहेत. या खेपेला स्वतःच्या वावराच्या गुणांवर.